पालक : कीर्ती आणि मोल

बंगळूरच्या कृष्णराजेंद्र बाजारात पहाटे पालेभाज्यांचे भारे उतरू लागतात, तेव्हा अंधार पुरता सरलेला नसतो. कन्नड भाषेत पालेभाजीला ‘सोप्पु’ म्हणतात, आणि या एका शब्दाखाली त्या बाजारात जे काही येते त्याची मोजदाद करणे नवख्या माणसाला कठीणच. ‘मेंत्य’ म्हणजे मेथी, ‘सब्बसिगे’ म्हणजे शेपू, ‘दंटु’ व ‘हरिवे’ ही माठाची भावंडे, ‘बसळे’ म्हणजे आपला मायाळू. या सर्वांमध्ये गर्द हिरव्या, रुंद पानांच्या जुड्या असतात त्या पालकाच्या. इतर भाज्या लोक चवीसाठी घेतात. पालक मात्र बव्हंशी कर्तव्यबुद्धीने घेतला जातो. मुलगी फिकट दिसते, सून गरोदर आहे, आजारातून उठलेल्या माणसाला शक्ती यावयाची आहे, म्हणून पालक. ‘पालक खाल्ला की रक्त वाढते’ हे वाक्य कन्नड, मराठी, तमिळ अशा सर्व भाषांत सारख्याच विश्वासाने उच्चारले जाते.

या विश्वासात तथ्य किती, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हीमोग्लोबिन कमी आहे, त्या देशात एखाद्या भाजीने रक्त वाढते की नाही हा केवळ कुतूहलाचा प्रश्न राहत नाही. तथापि त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी बाजारात जी वस्तू ‘पालक’ म्हणून मिळते ती नेमकी कोणती वनस्पती, हे पाहणे आवश्यक आहे. गोंधळाचा आरंभ तेथूनच होतो.

इंग्रजी पुस्तकांत ज्या भाजीला स्पिनॅच म्हणतात तिचे शास्त्रीय नाव स्पिनॅसिया ओलेरॅसिया. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ मध्ये हे नाव दिले. ही वनस्पती मूळची इराण व मध्य आशिया या प्रदेशातील असावी असे मानले जाते. तिचे युरोपीय नावही फारसी शब्दावरून अरबीच्या वाटेने गेलेले आहे. चिनी नोंदींनुसार इ. स. ६४७ मध्ये नेपाळच्या राजाने ती तांग सम्राटाकडे भेट म्हणून पाठविली, आणि चिनी लोकांनी तिला ‘पारशी भाजी’ असे नाव दिले. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत ‘विलायती पालक’ या नावाने क्वचित जी भाजी मिळते ती हीच होय.

जुड्यांच्या जुड्या विकला जातो तो पालक मात्र बहुतेक वेळा निराळाच असतो. त्याचे शास्त्रीय नाव बीटा व्हल्गॅरिस, प्रकार बेंगालेन्सिस. नावावरूनच ध्यानात येईल की हा बीटाचा सख्खा भाऊ आहे. कोशिंबिरीतले लाल बीट, साखर काढण्याचे शुगरबीट आणि आपला देशी पालक ही एकाच जातीची रूपे असून, कुणाचे मूळ पोसले गेले तर कुणाचे पान, एवढाच काय तो भेद. काही देशी पालकांच्या देठांवर तांबूस छटा असते व शिजविल्यावर बीटासारखा किंचित मातकट वास येतो, तो या नात्यामुळेच.

दोन्ही वनस्पती एकाच कुलातल्या. पूर्वी त्यांना चाकवत कुलात घालीत. अलीकडच्या वर्गीकरणात ते कुल माठाच्या कुलात विलीन केले गेले आहे. म्हणजे बाजारातल्या टोपलीत शेजारी बसलेले पालक, माठ, राजगिरा आणि चाकवत हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही गणगोतच ठरतात. मायाळूला कुणी ‘वेल पालक’ म्हणतात, परंतु तो या कुलातला नव्हे.

विलायती पालक आणि देशी पालक यांतील भेद ओळखण्याची सर्वांत सोपी खूण बियांत आहे. देशी पालकाचे ‘बी’ म्हणून जे पेरले जाते ते वस्तुतः बी नसून अनेक फळे एकत्र चिकटून झालेला खडबडीत गोळा असतो. त्यामुळे एक दाणा पेरला तरी दोनतीन रोपे उगवतात, आणि नवशिक्या बागवानाला आपण दाट पेरल्याचा भास होतो. विलायती पालकाचे बी एकटे असते. काही वाणांत ते गोल, तर काहींत काटेरी. फुलांतही भेद आहे. देशी पालकाच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. विलायती पालकात सामान्यतः नर झाडे वेगळी व मादी झाडे वेगळी असतात. नर झाड वाऱ्यावर पराग सोडून लवकर वाळते, मादी झाड बी पिकेपर्यंत हिरवे राहते. विलायती पालकाच्या पेशीत १२ गुणसूत्रे, देशीच्या पेशीत १८. दोहोंचा संकर करू म्हणणाऱ्याच्या हाती निराशाच येईल.

पाठ्यपुस्तकेच नव्हेत, तर आहारमूल्यांची भारतीय कोष्टकेदेखील ‘पालक’ या शब्दापुढे स्पिनॅसिया ओलेरॅसिया हेच नाव छापीत आली आहेत. सुदैवाने दोहोंच्या पानांतील पोषकद्रव्यांची जातकुळी इतकी जुळती आहे की या चुकीने कुणाची उपासमार होत नाही. पण अमुक देशातल्या संशोधकाला अमुक आढळले असे वाचताना, त्याच्या ताटातली भाजी आणि आपल्या ताटातली भाजी एकच नव्हे, याची आठवण ठेवावी.

देशी पालक बंगळुरात इतका का रुजला, याचे उत्तर त्या शहराच्या भूगोलात सापडते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे उन्हाळा दख्खनच्या इतर भागांइतका प्रखर नसतो. शिवाय ते विषुववृत्तापासून अवघ्या १३ अंशांवर असल्याने वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा तेरा तासांहून किंचित लहानच भरतो. विलायती पालक हा दीर्घ दिवसाचा पाईक आहे. दिवस लांबले की तो पाने वाढविणे सोडून मधला दांडा उंच काढतो आणि फुलावर येतो. मग भाजी कडवट व चिवट होते. उत्तर युरोपातील बागवानाला उन्हाळ्यात हीच चिंता असते. देशी पालकालाही लांब दिवसांनी दांडा येतो, परंतु बंगळूरच्या आखूड दिवसांत आणि सौम्य हवेत त्याला पाने देण्यास पुष्कळ सवड मिळते. एकदा पेरलेला वाफा पुन्हा पुन्हा कापता येतो.

या गुणाची जोपासना शास्त्रज्ञांनी जाणीवपूर्वक केली. शहराच्या वायव्येस हेसरघट्टा येथे १९६७ मध्ये भारतीय बागायत संशोधन संस्थेची स्थापना झाली. तिने निर्माण केलेल्या वाणांच्या नावांना ‘अर्का’ हे उपपद असते. हेसरघट्ट्याचा तलावही अर्कावती नदीवरचाच. दोन निवड केलेल्या वाणांच्या संकरातून या संस्थेने ‘अर्का अनुपमा’ हा पालक तयार केला. त्याची पाने मोठी व गर्द हिरवी असतात आणि फुलावर येण्यास त्याला विलंब लागतो, म्हणजेच कापण्या अधिक मिळतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा ज्योती’ व ‘ऑल ग्रीन’ हे वाणही पुष्कळ ठिकाणी पेरले जातात.

पाण्याच्या बाबतीत मात्र या शहराचे वर्तमान तितके सुखद नाही. वृषभावती ही शहरातूनच उगम पावणारी नदी आज सांडपाणी व कारखान्यांचे उत्सर्ग वाहून नेते, आणि बिडदीजवळच्या बैरमंगल तलावाखालील शेती त्याच पाण्यावर भिजते. पालक ही जमिनीतून कॅडमियमसारखे धातू सहज शोषून पानांत साठविणारी भाजी आहे. पान धुतल्याने त्यावरची माती जाते; पानाच्या आत शिरलेला धातू जात नाही. तेव्हा जुडी किती हिरवी आहे याबरोबरच ती कोणत्या पाण्यावर वाढली, हा प्रश्नही ग्राहकाने विचारावयास हवा. विक्रेत्याला त्याचे उत्तर ठाऊक असतेच असे नाही, ही गोष्ट वेगळी.

आता लोहाकडे वळू. पालकात लोह विपुल असते, या समजुतीच्या मुळाशी एक गोष्ट सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकातील एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हातून दशांश चिन्ह चुकले, लोहाचा आकडा दसपट झाला, आणि त्या चुकीवर विसंबून अमेरिकेतील पॉपाय नावाच्या चित्रकथेतील खलाशी डबेच्या डबे पालक खाऊ लागला. १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका लेखाने ही गोष्ट जगभर नेली. मौज अशी की, २०१० मध्ये माइक सटन या ब्रिटिश अभ्यासकाने मूळ कागदपत्रे धुंडाळली तेव्हा दशांशाच्या त्या चुकीला आधारच मिळाला नाही. पॉपायनेही १९३२ च्या एका चित्रपट्टीत पालकाचे कारण सांगितले होते ते लोहाचे नव्हे, ‘अ’ जीवनसत्त्वाचे. एका गैरसमजाचे निरसन करणारी कथाच दुसरा गैरसमज ठरली.

परंतु जर्मनीपर्यंत जाण्याचे कारणच नाही. दसपटीचा असा फरक आपल्या घरच्या कोष्टकांतही पडलेला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ‘भारतीय खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये’ या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत १०० ग्रॅम पालकात १०.९ मिलिग्रॅम लोह दाखविले होते. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत तोच आकडा १.१४ मिलिग्रॅमवर आला. पुढे देशभरातून नमुने गोळा करून त्याच संस्थेने २०१७ मध्ये नवी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत तो २.९५ मिलिग्रॅम आहे. यात कुणाची लबाडी नाही. पानाला चिकटलेले मातीचे बारीक कण, दळण्याच्या उपकरणांतून मिसळणारे लोह आणि मापनाच्या जुन्या पद्धती यांमुळे अशा आकड्यांत फुगवटा येतो. पालेभाजी जमिनीलगत वाढते, आणि दख्खनची तांबडी माती लोहानेच तांबडी झालेली असते.

सुमारे तीन मिलिग्रॅम हा आकडा घेऊन पुढे चलावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीस दररोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. म्हणजे शंभर ग्रॅम पालकाने गरजेचा जेमतेम दहावा हिस्सा भागतो, आणि तोही कागदावर. पोटात गेलेले लोह आणि रक्तात पोहोचलेले लोह यांत मोठे अंतर आहे. वनस्पतींतील लोह शोषले जाण्याचे प्रमाण मुळातच अल्प. त्यातून पालकातील पॉलिफिनॉल व कॅल्शियम त्यास आणखी अडथळा करतात. ऑक्झॅलिक अम्लावर हा दोष पूर्वी सर्रास ठेवला जाई. लोहाच्या बाबतीत त्याचा वाटा किती, याविषयी आता मतभेद आहेत.

याच संदर्भात बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास उल्लेखनीय आहे. त्यांनी तरुण भारतीय स्त्रियांना खुणेचे लोह घातलेले भाताचे जेवण देऊन त्यातील किती लोह रक्तात उतरते हे मोजले. जेवणासोबत एक पेला चहा घेतला असता शोषण निम्म्याच्या आसपास घटले. दोन पेल्यांनी ते सुमारे दोन-तृतीयांशाने खाली आले. उलट, ‘क’ जीवनसत्त्व दिल्यावर तेच शोषण दुपटीहून बरेच अधिक वाढले. भाजी कोणती घेतली याची चौकशी घरोघरी होते. भाजीनंतर काय प्यायले, याची सहसा होत नाही.

मग पालकाने रक्त वाढते हे म्हणणे निराधार म्हणावे काय? तसे नाही, आणि याचे कारण मुंबईच्या गिरणगावात सापडते.

१९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक विलक्षण रक्तक्षय होई व त्यात अनेक दगावत; त्याचे कारण शोधण्याचे काम तिच्याकडे होते. लोहाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयात रक्तातील तांबड्या पेशी लहान व फिक्या पडतात. या स्त्रियांच्या रक्तातील पेशी मात्र संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या. रोग जंतूंचा नव्हे तर आहाराचा असावा, असा तर्क विल्सने केला. त्या स्त्रियांच्या जेवणात भाजीपाला, फळे, दूध यांचे प्रमाण नगण्य होते. निलगिरीतील कुन्नूर येथेही तिने काही काळ काम केले. प्रयोगातील माकडांना आणि पुढे रुग्ण स्त्रियांना यीस्टचा एक स्वस्त अर्क देताच रक्त सुधारू लागले. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्या अर्कातील अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

तो घटक कोणता, हे कळण्यास दहा वर्षे लागली. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी जीवाणूंच्या वाढीस आवश्यक असलेले एक अम्ल वेगळे काढले. त्यासाठी त्यांनी सुमारे चार टन पालकाची पाने वापरली. चार टन पानांतून हाती आलेली राशी अत्यल्प होती. पानास लॅटिन भाषेत ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्या द्रव्यास फोलिक अम्ल हे नाव मिळाले. त्या नावातच पालकाचे पान कायमचे गोवले गेले आहे. पुढे अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत, मूळचे आंध्रातील असलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील पथकाने ते कृत्रिमरीत्या तयार केले, आणि गिरणी कामगार स्त्रियांच्या त्या आजारावर खात्रीचा उपाय हाती आला.

नवी पेशी घडावयाची म्हणजे तिच्या केंद्रातील द्रव्याची प्रत व्हावी लागते, आणि त्या कामी फोलिक अम्लाच्या वर्गातील द्रव्ये लागतात. अस्थिमज्जेत क्षणोक्षणी तांबड्या पेशी तयार होत असतात. गर्भाशयात तर एक संपूर्ण शरीरच घडत असते. म्हणून गरोदरपणी त्याची गरज वाढते. गर्भधारणेच्या अगदी प्रारंभी त्याची वाण पडली तर बालकाच्या मज्जारज्जूत व्यंग राहण्याचा धोका असतो, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीने निर्विवाद सिद्ध केले. आता कोष्टक पुन्हा उघडावे. शंभर ग्रॅम पालकात सुमारे १४० मायक्रोग्रॅम फोलेट असते आणि सामान्य प्रौढ स्त्रीची दैनिक गरज २२० मायक्रोग्रॅम. लोहाच्या बाबतीत एकदशांश देणारी ही भाजी येथे निम्म्याहून अधिक देते. याखेरीज सुमारे २,६०० मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन, ३० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व आणि भरपूर ‘के’ जीवनसत्त्व. रक्ताशी पालकाचे नाते खरेच आहे. मात्र ते जोडले गेले भलत्याच द्रव्याच्या नावाने.

फोलेट हे पाण्यात विरघळणारे व उष्णतेने नासणारे द्रव्य आहे. पालक भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकून दिले तर त्यातील जवळजवळ निम्मे फोलेट मोरीत जाते. वाफेवर शिजविल्यास फारसे जात नाही. या दृष्टीने जुन्या म्हैसूर प्रांताची स्वयंपाकाची रीत विचार करण्याजोगी आहे. तेथे ‘बस्सारु’ करताना पालेभाजी व डाळ शिजवून पाणी गाळून घेतात. गाळलेल्या भाजीची कोरडी भाजी होते आणि त्या पाण्याचेच सार करून ते नाचणीच्या मुद्द्याबरोबर खातात. ‘मस्सोप्पु’ करताना तर डाळ व पाला एकत्रच घोटतात, गाळण्याचा प्रश्नच येत नाही. रसायनशास्त्र न शिकलेल्या गृहिणींनी पाणी टाकले नाही ते काटकसरीने. काटकसरीत फोलेटही राहिले. आपल्याकडची डाळ-दाणे घालून केलेली पालकाची पातळ भाजी याच कुळीतली.

कॅल्शियमच्या बाबतीत मात्र पालकाची बाजू लंगडी आहे. पानात ते ८० मिलिग्रॅमच्या घरात असले तरी ऑक्झॅलिक अम्लाशी त्याची न विरघळणारी गाठ पडलेली असते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दुधातील कॅल्शियम २७ टक्क्यांहून अधिक, तर पालकातील केवळ ५ टक्के शोषले गेल्याचे दिसले. दुधाची उणीव पालकाने भरून काढू, असे कुणी म्हणू नये. उलट, पालकात ताक घालण्याची मराठी पद्धत ऑक्झॅलेटच्या दृष्टीने हितकर आहे. ताकातील कॅल्शियम आतड्यातच त्या अम्लाला अडकवते व ते मूत्रपिंडापर्यंत कमी पोहोचते. तेच कॅल्शियम लोहाच्या शोषणात थोडा अडसर करते, हेही खरे. एका ताटात सर्वच लाभ साधत नाहीत. ज्यांना ऑक्झॅलेटचे मूतखडे होतात त्यांनी पालक क्वचितच, आणि तोही उकळून व पाणी टाकूनच खावा. त्यांच्यापुरता बस्सारुचा नियम उलटा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालकाचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये, कारण त्यातील ‘के’ जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते.

सरकारी दवाखान्यांतून गरोदर स्त्रियांना ज्या गोळ्या देतात त्यांतील प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अम्ल असते, आणि ती किमान १८० दिवस रोज घ्यावयाची असते. एका गोळीतील फोलिक अम्लाइतके फोलेट साडेतीनशे ग्रॅम पालकात असते. तितके लोह मिळविण्यासाठी दोन किलो पालक लागेल, आणि त्यातलेही अंगी किती लागेल याचा हिशेब निराळा. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, म्हणून पुष्कळ स्त्रिया ती उशाखाली ठेवून देतात आणि घरची माणसे त्याऐवजी पालकाची जुडी आणतात. जुडी आणावी, पण गोळीच्या जागी नव्हे. गोळी चहासोबत घेऊ नये. पालकावर लिंबू पिळावे, तेही ताट समोर आल्यावर, कारण कढईत पिळलेल्या लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने बरेचसे नाहीसे होते.